पुसलेले ठोके

हेप्सी ट्रँटरनं झिलई दिलेल्या चांदीत बघून बाईनं भांग पाडावा, इतकी ती लख्ख असे. मी तिच्या शेजारच्या चाकावर सतरा वर्षं बसले, तेव्हा हे सांगायचा हक्क माझा. हल्ली कलाकुसरीवर लिहिणारी शहाणी माणसं आमच्या हॉकलीत, या दागिने घडवणाऱ्यांच्या वस्तीत, येतात, दोन तास फिरतात आणि तिच्याविषयी काहीबाही छापतात. त्यात तिचं वयसुद्धा धड नसतं. ती म्हणे गरीब होती, कष्टाळू होती आणि अबोल होती. अबोल! एकदा तिचा आवाज कानावर पडला असता तर यांच्या हातातली लेखणी गळून पडली असती.

साबिन मालकाचा कारखाना म्हणजे तीन मजल्यांचं अरुंद घर. वरच्या मजल्यांवर पुरुष. कुणी पत्रा कापणारे, कुणी डाख लावणारे, कुणी खडे बसवणारे, आणि सगळ्यांत ताठ मानेचे ते हातोडीवाले. तळमजल्याला मागच्या खोलीत आम्ही सहा पॉलिशवाल्या. पायानं चाक फिरवायचं, त्याला लाल भुकटी लावायची आणि दागिना धरायचा. ती भुकटी कानात, नखांत, चरबी लावलेल्या पावावर, सगळीकडे बसे. रविवारी न्हाऊन-माखून चॅपलमध्ये गेलं तरी रुमालावर लाल डाग. रस्त्यातली पोरं "लालबाया आल्या" म्हणून ओरडत. बाकीच्या खाली मान घालून जात. हेप्सी मात्र थांबे आणि म्हणे, "आईला सांग, तुलाही पाठव म्हणावं. अंघोळ तर झालेली दिसत नाही, निदान चकाकून तरी येशील."

नक्षीच्या बारीक भोकांत चाक पोचत नाही. तिथे खुंटीला दोऱ्यांचा झुबका बांधायचा, दोरे लाल करायचे, एकेक दोरा भोकातून ओवायचा आणि दागिना मागे-पुढे ओढायचा. हे काम हेप्सीचं. बाराव्या वर्षी ती या खोलीत आली आणि मी सांगतेय त्या १९०६ सालच्या मे महिन्यात छत्तीस वर्षांची होती. चोवीस वर्षांत तिच्या हातून एकही वस्तू बिघडली नव्हती. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "आलेल्या एकाचीही फिनिशिंग धड नव्हती."

आमच्या दाराशी एक खिळा होता. वरून आलेल्या चांदीवर हातोडीचा ठोका उठून दिसत असला की हेप्सी ती वस्तू त्या खिळ्याला टांगायची. न्याहारीला खाली उतरणारा प्रत्येक पुरुष तिथूनच जाणार. मग ज्याची वस्तू असेल तो कानापर्यंत लाल होऊन, कुणी बघत नाही असं पाहून, ती गुपचूप काढून वर न्यायचा. जोसाया पेगचं दुधाचं भांडं एकदा तीन दिवस टांगलेलं होतं. चौथ्या दिवशी त्यानं आम्हा सहा जणींना बिअर पाजली तेव्हा सुटका झाली.

ही कडक नजर तिनं बापाकडून घेतली होती. ईनॉक ट्रँटर, आम्ही त्यांना ईनॉककाका म्हणायचो, याच कारखान्यात अडतीस वर्षं हातोडी मारत होते. ठोका मारायचा आणि मग ठोक्यावर ठोका मारून त्याची खूण घालवायची, ही त्यांची विद्या. "चांदीवर ठोका दिसला," ते म्हणत, "म्हणजे भर चॅपलमध्ये सदऱ्याचं टोक बाहेर लोंबलं." त्यांनी घडवलेल्या चहादाण्या कुठकुठल्या बंगल्यांत असतील देव जाणे. त्या मेच्या दोन वर्षं आधी आजारपण आलं, त्यातून उठले ते उजव्या हाताला कंप घेऊनच. हातोडी सुटली. तेव्हापासून ते घरच्या खिडकीत बसून असत. आमची घरं एकाच अंगणात पाठीला पाठ लावून, त्यामुळे त्यांच्या शिव्या मला भिंतीतून ऐकू येत.

त्या वर्षी आमच्या कारखान्याची माळ्यावरची खोली मालकानं भाड्यानं दिली. भाडेकरू म्हणजे मिस विनिफ्रेड कारलेस, एजबास्टनकडच्या चांगल्या घरातली, पंचविशीची, आर्ट स्कूलमध्ये शिकलेली. अंगात ढगळ हिरवा झगा, आत कॉर्सेट नाही. पण आम्हाला खरा धक्का बसला तो तिच्या कामाचा. आमच्याकडे एक पदक अकरा हातांतून जायचं. ही बाई कागदावर चित्र काढण्यापासून खडा बसवण्यापर्यंत सगळं एकटीच करायची.

"अकरा जणांचं एकटी करते?" आमच्यातली एक म्हणाली.

"मग बाकीच्या दहा जणांनी काय करायचं, खिडकीतून बघायचं?" हेप्सी म्हणाली.

खडेही कसले? हिरा नाही, माणिक नाही. दुधाळ चंद्रकांत मणी, वाकडेतिकडे नदीतले मोती, मधूनच तपकिरी रेघ गेलेले फिरोजे. पण बाई स्वभावानं गोड. जिन्यात भेटली की हेप्सीला "मिस ट्रँटर" म्हणायची. त्या नावानं हेप्सीला आजवर फक्त पाद्र्यानं हाक मारली होती, तीही एकदाच. आम्ही दिवसभर तिला चिडवत राहिलो, "मिस ट्रँटर, जरा चहाचा डबा सरकवता का?"

मेच्या एका शनिवारी सकाळी मिस कारलेस एक हार घेऊन खाली आली. चांदीची सात पानं, प्रत्येक पानाच्या मधोमध एक चंद्रकांत मणी, आणि पानं जोडणारी बारीक साखळी. न्यू स्ट्रीटवरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं, तिचं पहिलंच. गुरुवारी दुपारी बारापर्यंत वस्तू पोचवायची होती.

"फक्त बोटांचे डाग तेवढे पुसून द्याल का, मिस ट्रँटर?" ती म्हणाली. "बाकी काही करायचं नाहीये. सोमवारी चालेल."

ती वर गेली. हेप्सीनं हार उजेडात धरला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सातही पानांवर ठोकेच ठोके. लहान, मोठे, एकमेकांवर चढलेले, खोलगट जागी तर चांदी काळी पडलेली. खिळ्याला टांगायचं म्हटलं तर खिळा लाजेल अशी वस्तू.

"बिचारी," हेप्सी म्हणाली. "तिला कुणी शेवटचा हात शिकवलेलाच नाही गं. सगळं केलं पोरीनं आणि इथे येऊन अडली. सांगायला लाजली असेल."

"तिनं डाग पुसायला सांगितलेत," मी म्हणाले.

"आणि गुरुवारी अख्खं शहर तिला हसेल ते? नेल, तुझी बहीण असती तर पाठवली असतीस अशी?"

मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतं, आणि आठवलं की अजून कान तापतात. मी म्हणाले, "नसती पाठवली. साखळी माझ्याकडे दे."

शनिवारी एकला काम सुटतं. सगळ्या गेल्या, आम्ही दोघी थांबलो. चार वाजेपर्यंत हेप्सीनं सात पानं घासली, मी साखळी घासली. मण्यांना तिनं एक ओरखडा लागू दिला नाही. ठोके गेले, काळं गेलं, आणि पानं अशी निघाली की मण्यांपेक्षा तीच चमकत होती. पैसे कुणी मागितलेच नव्हते. आम्ही दोघी त्या दिवशी गाणं म्हणत घरी गेलो, इतकं आम्हाला पुण्य लागलं होतं.

सोमवारी सकाळी मिस कारलेस जिना उतरत होती, हेप्सीनं तिथेच तिच्या हातात हार ठेवला. मी मागे उभी होते, कौतुक ऐकायला. मिस कारलेसनं हार पाहिला आणि ती हळूच पायरीवर बसली.

"मिस ट्रँटर, यावर ठोके होते."

"होते ना! एकूण एक काढले. बोट फिरवून बघा, कुठे अडकलं तर सांगा."

"ते मी मुद्दाम ठेवले होते."

"मुद्दाम?"

"माझा हात दिसावा म्हणून. माणसानं केलंय, यंत्रानं नाही, हे कळावं म्हणून."

हेप्सीचा चेहरा लाल भुकटीखाली पांढरा पडला. मग ती म्हणाली, "बाईसाहेब, हात दिसू नये म्हणून आम्ही इथे जन्म काढतो."

मला वाटलं, आता ही बाई आरडाओरडा करणार. ती रडलीसुद्धा नाही. "तुम्ही चांगल्या मनानं केलंत," एवढंच म्हणाली आणि वर गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला निदान उलट बोलता येतं.

हेप्सी तडक मालकाच्या खोलीत गेली आणि आपण होऊन सगळं सांगून आली. मी तिला दारात अडवलं होतं, "अगं, ती सांगणार नाहीये, तू कशाला सांगतेस?" पण ऐकेल तर ती हेप्सी कसली. कारखान्याचा नियम पाटीवर लिहिलेला होता: बाहेरच्या गिऱ्हाइकाची वस्तू जिच्या हातून बिघडेल तिनं घरी जायचं. त्या पाटीखाली साबिन मालक कपाळाला हात लावून बसला.

"चोवीस वर्षं माझं काही बिघडवलं नाहीस," तो म्हणाला, "आणि बिघडवलंस ते फुकट काम करून! निदान पैसे घेऊन तरी बिघडवायचं होतंस." मग सुस्कारा सोडून म्हणाला, "गुरुवारी बारापर्यंत त्या बाईंनी स्वखुशीनं तो हार प्रदर्शनात दिला, तर तुझं चाक तुझं. नाही तर शनिवारी एप्रन घेऊन जा."

छत्तीस वर्षांची पॉलिशवाली, वस्तू बिघडवली म्हणून काढलेली. हॉकलीत तिला दुसरं चाक कुणी दिलं नसतं. घरी बाप बसलेला. मला राहवलं नाही. हेप्सीनं तोंड उघडू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी मी वर जाऊन मिस कारलेसला सगळं सांगितलं. ती तशीच धावत खाली आली.

"मी हार असाच देते," ती हेप्सीला म्हणाली. "छान चकाकतोय. देऊन टाकते."

"तुम्हाला पटतोय?" हेप्सीनं विचारलं.

तिनं हार मुठीत झाकला.

"मग नका देऊ. माझ्यासाठी न पटलेली वस्तू तुम्ही मांडणार, आणि मी इथे चाक फिरवत बसणार? मला घास गिळणार नाही. ठोके मी काढलेत, मीच परत घालते."

"आता पत्रा पातळ झालाय," मिस कारलेस म्हणाली. "मध्ये खडे बसवलेले आहेत. माझा ठोका जड पडतो. एक चुकला तर खडा फुटेल. मी सकाळीच एका पानावर करून पाहणार होते, हात उचलवेना."

"हलका ठोका कसा मारायचा ते माझ्या बापाला विचारते," हेप्सी म्हणाली. "त्याच्याइतका हलका ठोका हॉकलीत कुणी मारला नाही."

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. मे महिना, आठ वाजेपर्यंत स्वच्छ उजेड. ईनॉककाका वाटाण्यांबरोबर कलेजीचे गोळे खात होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"ठोके घालायचे?" ते म्हणाले. "मुद्दाम? माझ्या घरात?"

"हो बाबा."

"अडतीस वर्षं मी काय केलं मग? गवत उपटलं?"

"बाबा, शनिवारी मला काढतील."

म्हातारा उठला, पलंगाखालून वाळू भरलेली चामड्याची उशी काढली, आपली सगळ्यांत लहान हातोडी काढली, आणि तांब्याच्या पत्र्याचा तुकडा तिच्यापुढे टाकला. "मनगट सैल. हातोडीला पडू दे, मारू नकोस. आणि मी कुणाला हे शिकवलं असं चुकूनही बाहेर बोलू नकोस."

हेप्सी तासाभरात शिकली. चोवीस वर्षं ठोके पुसणारीला ठोका काय असतो ते का सांगायला हवं? पण पत्रा उजेडात धरला आणि मला हसू फुटलं. रांगेत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे ठोके.

"ही काय पलटण उभी केलीस?" ईनॉककाका म्हणाले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मिस कारलेसनं तो पत्रा पाहिला. आधी चाचरली, मग म्हणाली, "हे साच्यातून काढल्यासारखं दिसतंय, मिस ट्रँटर." आणि ते खरंच होतं. पलीकडच्या गल्लीतला एक कारखाना तसे ठोके पोलादी साच्यात कोरून दिवसाला शेकड्यांनी पिना काढत होता, हातानं घडवलेल्या म्हणून विकायला.

हेप्सीनं मुद्दाम चुकायचं ठरवलं. मंगळवारी संध्याकाळी ती खिडकीत बसून चुकायला लागली आणि मी मोजायला लागले. दोन ठोके सरळ, तिसरा वाकडा. दोन सरळ, तिसरा वाकडा.

"हेप्सी, तू चुकतेयस तेसुद्धा घड्याळ लावून."

"मग काय करू? आता चुकायचं कुठे शिकायला जाऊ, बायबलात आहे का?" तिनं हातोडी आपटली आणि एप्रन तोंडाला लावला. चौदा वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला इतकं वाईट वाटलं की साखळी घासलेले माझे हात मागे लपवावेसे वाटले.

म्हाताऱ्याला रडणं सहन होत नसे. तो खेकसला, "हातोडी धरायची कशी तेही विसरलीस. आण इकडे." तिच्या मुठीवर त्यानं आपला उजवा हात ठेवला आणि दोघांनी मिळून ठोके मारले. एक, दोन, पाच. मग आपला हात थरथरतोय हे जणू त्याला तेव्हाच दिसलं. चटका बसावा तसा त्यानं तो काढून घेतला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

हेप्सी पत्र्याकडे बघत होती. मीही वाकून पाहिलं. ते पाच ठोके वेगळे होते. एक खोल, एक निसटता, दोन एकमेकांना बिलगलेले. मोजून येणार नाहीत असे.

"बाबा, परत धरा."

"नको."

"बाबा, हेच पाहिजे होतं. उद्या माळ्यावर येऊन हारावरही असंच धरा ना."

"थट्टा करतेस?" म्हातारा एवढ्या जोरानं ओरडला की अंगणातली बायामाणसं धुणं सोडून दारात आली. "ज्या थरथरीनं माझी भाकरी घालवली ती दागिन्यावर चढवून लोकांपुढे मांडणार? त्या जिन्यानं मी अडतीस वर्षं ताठ चढलोय. आता त्याच पोरांसमोरून पाय ओढत जाऊ?"

हेप्सीनं वाळूची उशी झटकली, चहा ठेवला आणि बापाचा कप भरून त्याच्यासमोर ठेवला. मी घरी आले ते शनिवारचा विचार करतच.

बुधवारी सकाळी आम्ही कामावर निघालो तर ईनॉककाका दारात उभे. चॅपलची टोपी डोक्यावर, बूट पॉलिश केलेले, काखेत वाळूची उशी.

"बघताय काय?" ते म्हणाले. "मालक उशिरा आलेल्यांचे पैसे कापतो, माहीत नाही?"

मालकानं दिवसभराची परवानगी दिली, तोंड वाकडं करून का होईना. आम्ही दोघी काकांच्या मागे जिना चढलो. प्रत्येक वळणावर ते थांबत आणि श्वास घेण्याऐवजी कठड्यावरच्या धुळीला नावं ठेवत. हातोडीवाल्यांच्या मजल्यावर आलो तेव्हा सगळ्या हातोड्या थांबल्या. बारा माणसं बघत होती.

जोसाया पेग उठला. "काय ईनॉक, परत आलास?" तो म्हणाला. "मेलो आम्ही! आता परत सगळं काम दोनदा करायचं." सगळे हसले, कुणी तरी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा आला. काकांनी चहा घेतला, पेगच्या हातातलं तबक उजेडात धरून बघितलं, "अजून तसाच आहेस" म्हणून परत दिलं, आणि उरलेला जिना आधीपेक्षा बऱ्या चालीनं चढले.

माळ्यावर छपरातल्या काचेतून भरपूर ऊन येत होतं. मिस कारलेसनं मण्यांवर मेणाच्या टोप्या चढवल्या. उशीवर पहिलं पान ठेवलं. हातोडीवर हेप्सीची मूठ, मुठीवर म्हाताऱ्याचा हात. हेप्सी ठोक्याचा जोर सांभाळत होती आणि थरथर त्याला वाट दाखवत होती. दोघांपैकी एकाच्यानंही ते जमलं नसतं. मला पान धरायचं काम दिलं होतं, आणि माझे हात मात्र भीतीनं कापत होते, जे कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

पहिली तीन पानं जेवणाआधी झाली. चौथ्यावर हातोडी घसरली आणि मेणाची टोपी टुणकन उडून मिस कारलेसच्या पायाशी गेली. चौघांच्याही तोंडून देवाचं नाव निघालं. हेप्सीनं अंगठ्याचं नख मण्यावरून फिरवलं, एकदा, दोनदा, परत एकदा.

"शाबूत आहे," ती म्हणाली.

"असणारच," ईनॉककाका म्हणाले. "हलका ठोका आहे." पण त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

चार वाजता सातवं पान झालं. मिस कारलेसनं खोलगट जागी चांदी काळी करायचं गंधकाचं पाणी लावलं, माळाभर सडक्या अंड्यांचा वास सुटला, मग वरवर पुसून हार खिडकीशी नेला. हेप्सी हात एप्रनला पुसत उभी, पुसत उभी.

"हे माझे ठोके नाहीत," मिस कारलेस म्हणाली.

हेप्सीनं डोळे मिटले.

"माझे यापेक्षा वाईट होते. उगाच जपत होते मी ते." आणि ती मोठ्यानं हसली. "उद्या मी अकरालाच जाऊन देते. बाराची वाट बघवणार नाही मला."

ती खरोखरच अकराला ट्रामनं जाऊन देऊन आली. साबिन मालक आमच्या खोलीत डोकावला, "चाक तुझं" म्हणाला आणि लाल भुकटी अंगावर येऊ नये म्हणून दारातूनच परतला. हेप्सी त्या चाकावर आणखी तीन वर्षं बसली. मग माळ्यावर गेली, मिस कारलेसच्या जोडीनं स्वतः हातोडी धरायला, आणि तिथून जे दागिने निघाले त्यांच्यावर ती शहाणी माणसं हल्ली लिहितात. दाराजवळचा खिळा तिनंच जाताना उपटला. पेग म्हणाला, कारखान्यात एवढी चांगली गोष्ट चाळीस वर्षांत घडली नव्हती.

प्रदर्शन बघायला आम्ही शनिवारी दुपारी गेलो. हेप्सी, ईनॉककाका आणि मी. हॉलमध्ये मखमली कपडे घातलेल्या बायका आणि दबकी बोलणी. आमच्याकडे कुणी वाईट नजरेनं पाहिलं नाही, पण पाहिलं मात्र सगळ्यांनी. हार काचेच्या पेटीत होता, निळ्या कापडावर. खाली हातानं लिहिलेलं कार्ड होतं. मी ते वाचून नुसतं बोटानं दाखवलं, म्हणून काकांनी चष्मा लावून एकेका शब्दाखाली बोट फिरवत ते स्वतः वाचलं.

"चांदी व चंद्रकांत मण्यांचा हार. कल्पना व घडण, विनिफ्रेड कारलेस. ठोके, ईनॉक ट्रँटर आणि हेफ्झिबा ट्रँटर."

आमच्या कारखान्यात वस्तू अकरा हातांतून जायची आणि तिच्यावर नाव मालकाचं असायचं. अडतीस वर्षांच्या चहादाण्यांवर ईनॉककाकांचं नाव कुठेच नव्हतं, पॉलिशवालीचं तर कुणी विचारातही आणलं नव्हतं. मिस कारलेसनं आम्हाला यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

"माझं पूर्ण नाव नीट लिहिलंय, हेफ्झिबा," हेप्सी म्हणाली. "पाद्र्यालासुद्धा येत नाही ते." आणि तिनं नाक पुसलं.

शेजारी पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ बायकोला समजावत होता. "बघ, इथे कारागिराचा हात किती मोकळा आहे. काही विचार न करता, एका झपाट्यात घातलेले ठोके आहेत हे."

आता हेप्सी गप्प बसेल असं कोणाला वाटलं असेल तर त्यानं ती शहाण्या माणसांची पुस्तकंच वाचावीत.

"तसं नाहीये साहेब," ती म्हणाली. "आधीचे ठोके मी पुसले. मग हे घालायला तीन दिवस विचार केला. चौथ्या पानावर तर आम्ही देवाचा धावाही केला."

गृहस्थ वळला. तिच्या नखांतल्या लाल रंगाकडे, मग कार्डाकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. "म्हणजे आपण मिस ट्रँटर?"

"मी. आणि हे माझे वडील. ठोका त्यांचा."

गृहस्थानं टोपी काढली आणि ईनॉककाकांपुढे हात केला. आजारातून उठल्यापासून काकांनी उजवा हात परक्या माणसापुढे कधी काढला नव्हता, नेहमी कोटाच्या खिशात. चॅपलमध्येसुद्धा ते डावाच पुढे करत. मी हेप्सीकडे पाहिलं, तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. काकांनी एकदा काचेतल्या हाराकडे बघितलं, उजवा हात खिशातून काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला. हात थरथरत होता. त्यांनी तो तसाच थरथरू दिला.